गंज चढो गाजर गवताला!

इंजिनिअरिंगला आल्यापासून गंज या विषयावर आपण जे काही शिकलो ते सगळं त्याच्या विरोधात. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत गंज कसा चढतो ते शिकलो, मग तो चढू नये म्हणून जस्ताचा थर कसा देतात ते शिकलो. वर्कशॉपमध्ये घासून घासून चकचकीत केलेला जॉब दिवाळीच्या सुट्टीनंतर लालभडक झालेला पाहून सरांचं बोलणंही खाल्लं. असा हा आपला जन्माचा वैरी. पण या लेखात मी चक्क गंजाच्या बाजूनं बोलणार आहे. फक्त हा गंज लोखंडावरचा नाही, पानावरचा. शेतकरी त्याला तांबेरा म्हणतात. इंग्रजीत दोघांना शब्द एकच, त्यामुळे आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांची आधी थोडी फसगत होते.

(एक कबुली इथेच देऊन टाकते. माझी दहावी साताऱ्यात कॉन्व्हेंटमधून झाली. 'भांगलण' हा शब्द मामाच्या गावी जाईपर्यंत मी ऐकलाही नव्हता आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं अजून जमत नाही. संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं.)

विषयाची सुरुवात झाली मामीच्या हातांपासून. मामाचं गाव पलूसकडचं. ऊस, थोडी हळद, आणि बांधाला लागून शेजाऱ्यांची द्राक्षबाग. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत गेले तेव्हा मामीचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळवंडलेले, कातडी जाड झालेली, खाजवून खाजवून चिरा पडलेल्या. मानेवरही तेच. मी घाबरले. ती म्हणाली, "काय न्हाई गं, त्या काँग्रेसचं हाय." मला वाटलं राजकारण चाललंय! मग बांधावर नेऊन तिनं दाखवलं. कोथिंबिरीसारखी कातरलेली पानं, वर पांढरी बारीक फुलं. कॉलेजच्या कुंपणापासून मिरजेच्या रेल्वे रुळांपर्यंत आपण रोज पाहतो तेच हे गाजर गवत. त्याच्या पानाफुलांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं आणि सतत संपर्क आला की काहींच्या त्वचेला त्याची कायमची ॲलर्जी होते. काहींना त्याच्या परागांनी दमाही होतो. मामीला डॉक्टरांनी मलम दिलं आणि "या गवताला हात लावू नका" असं सांगितलं. भांगलायला जाणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे आपल्याला कॅल्क्युलेटर न वापरता पेपर लिहायला सांगण्यासारखं.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आसपासचं. भारतात त्याची शास्त्रीय नोंद पुण्याहून १९५६ मध्ये झाली. परदेशी गव्हाच्या पोत्यांतून ते आलं असं सगळेच सांगतात. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात, त्या वाऱ्यानं, पाण्यानं, ट्रकच्या चाकांनी जातात, आणि थोडी ओल मिळाली की वर्षात कधीही उगवतात. उसाच्या रानाला तर बारा महिने पाणी. म्हणजे गाजर गवताला कायमचं वसतिगृह.

"मग तणनाशक का मारत नाही?" मी मामांना शहाणपणानं विचारलं. मामांनी नुसतं शेजारच्या द्राक्षबागेकडे बोट दाखवलं. उसातल्या रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी हे स्वस्त आणि जोरदार औषध आहे. पण द्राक्षाची वेल त्याला इतकी नाजूक की वाऱ्यावर आलेल्या थोड्याशा फवाऱ्यानं, नुसत्या वाफेनंसुद्धा, पानं पंख्यासारखी आकसतात आणि बाग आजारी पडते. एका फवारणीपायी दोन घरांची बोलाचाल बंद झालेली उदाहरणं मामांकडे आहेत. म्हणून औषध नाही, म्हणून भांगलण, म्हणून मामीचे हात.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. माणसाला रोग होतो, पिकाला रोग होतो, तर तणाला रोग होत नाही का? आणि होत असेल तर आपणच तो का लावू नये?

होतो, आणि लावतातही. जगात यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला असा, की तणाच्या माहेरी जाऊन तिथला त्याचा जुना शत्रू शोधायचा, तो आपल्या पिकांना त्रास देत नाही ना हे नीट तपासायचं, आणि इथं आणून एकदाच सोडायचा. पुढं त्यानं स्वतःच पसरायचं. दुसरा रस्ता तणनाशकासारखा. बुरशी कारखान्यात वाढवायची आणि दर हंगामाला फवारायची.

पहिल्या रस्त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिथल्या गव्हाच्या रानात स्केलेटन वीड नावाचं तण माजलं होतं. १९७१ मध्ये भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून आणलेला एक तांबेरा, पुक्सिनिया कॉन्ड्रिलिना, त्यावर सोडला. वर्षभरात वाऱ्यावर बसून तो शेकडो किलोमीटर पसरला आणि तणाचा मुख्य प्रकार झोपला. (गंमत म्हणजे तणाचे तीन प्रकार होते आणि तांबेरा एकाच प्रकारावर चालला. मग मोकळ्या झालेल्या जागेत बाकीचे दोघे वाढले!) दुसऱ्या रस्त्यावर अमेरिकेतलं कॉलेगो. १९८२ मध्ये बाजारात आलेली ही कोलेटोट्रायकम बुरशीची पावडर अर्कान्सासच्या भातशेतीतल्या एका शेंगवर्गी तणावर उत्तम चालली.

हे वाचून मी खूश. मामांना फोन केला, "आता गाजर गवत संपलंच समजा!" गाजर गवतालाही मेक्सिकोत स्वतःचा तांबेरा आहेच. पुक्सिनिया अब्रप्टा असं त्याचं नाव, आणि बोलीत त्याला हिवाळी तांबेरा म्हणता येईल. ऑस्ट्रेलियानं १९९१ मध्ये तो आणून क्वीन्सलंडमध्ये सोडलासुद्धा. पण पुढचं वाचल्यावर माझा चेहरा पडला. तांबेरा जगला, मात्र थंड आणि ओलसर हंगाम मिळाला तरच त्यानं काही करून दाखवलं. कोरड्या, गरम वर्षात तो नुसता नावापुरता. आपल्याकडेही बंगळूरच्या आसपासच्या उंच, थंड पट्ट्यात हा तांबेरा सापडल्याची नोंद आहे. पण त्यानं गाजर गवत संपवलं असं काही झालेलं नाही.

असं का होतं, हे समजायला बीजाणूच्या जागी जाऊन बसावं लागतं. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, डोळ्यांना न दिसणारं. वाऱ्यावर उडत तो पानावर पडतो. तिथं त्याला पाण्याचा थेंब हवा. हवेतला नुसता दमटपणा तांबेऱ्याला पुरत नाही, प्रत्यक्ष पाण्याचा पातळ थर लागतो. पाणी पिऊन तो फुगतो आणि त्यातून एक बारीक नळी निघते. ही नळी पानावर चाचपडत पर्णरंध्र शोधते, म्हणजे पान ज्यातून श्वास घेतं ते छिद्र. छिद्र सापडलं की तिथं गादीसारखा भाग तयार होतो आणि मग आत प्रवेश. एकदा आत शिरला की सुटला. पुढचं पाणी पान पुरवतं. पण या सगळ्याला काही तास सलग लागतात. मध्येच ऊन आलं, वारा सुटला, थेंब वाळला, की खेळ खलास. नळी काढण्यात शिदोरी संपलेली असते, दुसरा चान्स नाही. लाईट गेल्यावर सेव्ह न केलेल्या प्रोग्रॅमचं जे होतं तेच.

म्हणजे प्रश्न बुरशी किती जहाल आहे हा नाहीच. पान सलग किती तास ओलं राहतं आणि त्या वेळी तापमान किती असतं, हा आहे. हिवाळी तांबेऱ्याला साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. वर चढत गेलात की तो मंदावतो. आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण उघड्या बीजाणूंना मारतात ते वेगळंच. म्हणून असली फवारणी करायची तर सकाळी नाही, संध्याकाळी.

तासगाव-पलूसच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला मी गेले तर ते हसतील. डाऊनीच्या भीतीनं ऑक्टोबरच्या पावसात पहाटे बॅटरी घेऊन पानं तपासणारी ही माणसं. पान किती वेळ ओलं राहिलं, रात्री पारा किती होता, यावर त्यांची फवारणी ठरते. काहींच्या बागेत तर ते मोजणारं हवामान यंत्रही बसवलेलं असतं. (काटेकोर जीवशास्त्रज्ञ डाऊनीला खरी बुरशी मानत नाहीत, तिचं गोत्र वेगळं. पण पाण्याचा हिशेब तोच.) भुरीचं मात्र उलटं. तिला पानावर पाणी नको, नुसती दमट हवा चालते. म्हणून डाऊनी गेली म्हणेपर्यंत भुरी हजर! थोडक्यात, जो हिशेब बागायतदार रोग टाळायला करतो तोच आपल्याला रोग लावायला करायचा आहे.

आता आपले दोन जिल्हे पाहा. माझ्या मते या विषयाची इतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नसेल. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या वर, पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटाव, आणि पलीकडे सांगलीचे आटपाडी आणि जत. तिथं पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. मध्ये कृष्णाकाठचा बागायती पट्टा. सकाळी महाबळेश्वरला स्वेटर घालून एसटीत बसावं आणि दुपारी जतला घामाघूम होऊन उतरावं.

महाबळेश्वरला तांबेऱ्याचं इतकं मानवतं की महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू तांबेरा संशोधन केंद्रच तिथं आहे. स्ट्रॉबेरी आणि मॅप्रो यांच्यापलीकडे महाबळेश्वरची ही ओळख आम्हा सातारकरांनाही नसते! नवीन गव्हाचं वाण तांबेऱ्याला बळी पडतं की नाही हे बघायचं तर तांबेऱ्याला आवडेल अशीच जागा हवी ना.

गव्हाच्या तांबेऱ्यावरून आठवलं. आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक कोडं सोडवलं होतं. मैदानी भागात उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू उष्णतेनं मरून जातात, मग पुढच्या हिवाळ्यात गव्हावर तांबेरा येतो कुठून? त्यांनी दाखवलं की तो थंड डोंगरांवर उन्हाळा काढतो आणि तिथून वाऱ्याबरोबर दरवर्षी पुन्हा खाली उतरतो. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचं असं आजोळ म्हणजे दक्षिणेतले निलगिरी आणि पळणीचे डोंगर.

हे गाजर गवताला लावून बघा. समजा उद्या हिवाळी तांबेरा सांगलीत सोडला. नोव्हेंबर ते जानेवारी त्याची चैन, कारण रात्री थंड आणि दव भरपूर. मग एप्रिल-मे येतो, पारा चाळिशीला टेकतो, आणि तांबेरा साफ. पावसाळ्यात ओल असते, पण रात्रीचं तापमानही विशीच्या वरच, त्याला नको तेवढं. शिवाय मुसळधार पाऊस बीजाणू धुऊन नेतो. आणि गाजर गवताची खरी लाट येते ती याच पावसाळ्यात. कोरडवाहू रानात हिवाळ्यापर्यंत ते बिया टाकून मोकळंही झालेलं असतं. म्हणजे चोर पळाल्यावर पोलीस. महाबळेश्वरला तांबेरा सुखानं राहील, पण निदान मी पाहिलं त्यात गाजर गवताचा जाच आहे तो पूर्वेला, तिथं नाही.

ऑस्ट्रेलियानं यावर काय केलं? त्यांनी मेक्सिकोतूनच दुसरा, उष्णता सोसणारा तांबेरा शोधला आणि १९९९-२००० च्या सुमारास तो सोडला. हा उन्हाळी तांबेरा. गरम हवेत तो टिकतो. पण त्याचे संसर्ग करणारे बीजाणू नाजूक असतात, पहिल्यासारखे वाऱ्यावर लांबवर जात नाहीत. एकाला पसरता येतं पण उष्णता सोसत नाही, दुसऱ्याला उष्णता सोसते पण पसरता येत नाही. इंजिनिअरिंगमध्ये याला ट्रेड-ऑफ म्हणतात आणि व्हायवात त्यावर हमखास प्रश्न येतो.

भारतात असा प्रयोग झालाच नाही असं नाही. ईशान्येत आणि केरळात मिकानिया नावाची एक परदेशी वेल चहाच्या मळ्यांना आणि जंगलांना गिळत चालली आहे. तिच्यावर त्रिनिदादहून पुक्सिनिया स्पेगॅझिनी हा तांबेरा आणून, दिल्लीत विलगीकरणात तपासून, २००५ मध्ये आसामात आणि २००६ मध्ये केरळात सोडला. तणाविरुद्ध मुद्दाम परदेशातून आणलेली ही आपल्याकडची पहिली बुरशी. केरळात तो सोडलेल्या रोपांवरून शेजारच्या वेलींवर गेला, पण टिकला नाही. तोच तांबेरा तैवान, पापुआ न्यू गिनी आणि फिजीत मात्र छान रुळला, आणि तिथं जवळपास बारमाही ओल असते. बुरशी एकच, वेलही एकच. अर्थात वेलीचे सगळे वंश सारखे बळी पडत नाहीत हेही एक कारण असतं, सगळं खापर हवामानावर फोडू नये.

कॉलेगो का चाललं, याचं उत्तरही आता लागतं. भातखाचरात पाणी उभं, वर दाट पीक, आत रात्रभर दमट. ओल फुकट होती! याउलट कॅनडात १९९२ मध्ये परवानगी मिळालेल्या बायोमालला पान सलग वीसेक तास ओलं लागायचं. कॅनडाच्या मोकळ्या गव्हाच्या रानात इतकं दव मिळणार कुठून? माल चांगला असूनही बाजारात तो चालला नाही.

आपल्या कृष्णेतली जलपर्णी घ्या. तिथं पाणी कमी पडण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा बुरशी हमखास चालेल असं मला वाटलं होतं. फ्लोरिडात १९७० च्या दशकात जलपर्णीवर सर्कोस्पोरा रॉडमनी या बुरशीचे बरेच प्रयोग झाले. अडचण निघाली ती भलतीच. पाण्यात नत्र-स्फुरद भरपूर असलं की जलपर्णी इतक्या वेगानं नवी पानं काढते की बुरशी जुनी पानं मारेपर्यंत ती पुढं निघून गेलेली असते. रोगी मरत नाही, रोगालाच दम लागतो. आता कृष्णेत सांडपाणी किती मिसळतं आणि शेरीनाल्याचा प्रश्न किती वर्षं चाललाय हे सांगलीकरांना मी सांगायला नको. परिस्थिती म्हणजे फक्त तापमान आणि दव नव्हे, तणाचं खाणंपिणंही त्यात आलं.

आता इंजिनिअर म्हणून आपण काय करायचं? आपली पहिली उडी ठरलेली: ओल नसेल तर ओल बरोबर पाठवू! हे झालेलं आहे. बीजाणू पाण्याच्या थेंबात ठेवून त्या थेंबाभोवती तेलाचं आवरण द्यायचं, म्हणजे थेंब वाळत नाही आणि दवावाचून काम होतं. अमेरिकेत १९८०-९० च्या दशकांत अशा तेलमिश्रणांवर भरपूर काम झालं. पण त्यात दोन खोडे निघाले. मिश्रण घट्ट, साध्या पंपातून नीट फवारलं जात नाही, आणि महाग. दुसरा खोडा जास्त गंभीर. एरवी एकाच तणावर चालणाऱ्या काही अल्टरनेरिया बुरशा या तेलात घालून फवारल्यावर ज्या झाडांना कधी शिवत नव्हत्या त्यांच्यावरही चालून गेल्या! म्हणजे बुरशीचा सोवळेपणा थोडा ओलीच्या कमतरतेवरही अवलंबून होता. गाजर गवत हे सूर्यफूल, करडई, शेवंती, झेंडू यांचं भाऊबंद. त्यामुळे तपासणीच्या यादीत ही पिकं सगळ्यात वर ठेवावी लागतात, आणि तपासणी फक्त कोरड्या नव्हे तर बुरशीला सगळ्यात सोयीच्या हवेत करावी लागते. दसऱ्याच्या आधी झेंडूवर रोग सोडून दिला तर शेतकरी आपल्याला तोरणाला बांधतील.

मला दुसरा मार्ग जास्त आवडला, कारण तो फार साधा आहे. ज्वारीवर आणि उसावर टारफुला नावाचं एक बांडगुळी तण येतं. मुळाला चिकटून ते पिकाचा रस शोषतं. जतकडच्या ज्वारीवाल्यांना ते चांगलं माहीत आहे. आफ्रिकेत मक्याला त्याच्याच भाऊबंदांनी हैराण केलंय. केनियात फ्युजेरियम बुरशीचा टारफुल्यावरच चालणारा एक प्रकार दात कोरायच्या काड्यांवर वाढवून गावात देतात. तिथं ती काडी शिजवलेल्या भातात घालून बुरशी वाढवायची आणि पेरताना बियाण्याबरोबर प्रत्येक खड्ड्यात चिमूटभर टाकायची. बुरशी पानावर नाहीच, मातीत. माती दवाची वाट बघत नाही, तिथं ऊन पोचत नाही, आणि पेरणी होते तीच मुळी ओलीवर. ओलीचा प्रश्न सोडवण्याऐवजी त्यांनी जागाच बदलली! आपल्याकडे उसातल्या हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी जमिनीत घालतात, त्यातही ओल असतानाच घाला असं सांगतात, ते याचसाठी. हुमणी ही अळी आहे, तण नाही, पण तत्त्व तेच. गाजर गवत मात्र मुळावर जगणारं तण नाही, म्हणून काडीची युक्ती जशीच्या तशी चालणार नाही.

मग राहिला प्रश्न मामांच्या रानाचा. मी ठरवलं, आधी मोजू तरी. मिनी प्रोजेक्टला कॉपर क्लॅड बोर्डवर दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखी नक्षी कोरली. कोरडी असताना दोन कंगव्यांत वीज जात नाही, पाण्याचा थर आला की जाते. झाला पान-ओल सेन्सर. पानासारखा वागावा म्हणून त्यावर फिकट रंगाचा हात दिला आणि कलता ठेवला. डेटा घ्यायला एक स्वस्त बोर्ड आणि मेमरी कार्ड. दव केव्हा पडेल याचा अंदाज बांधायला एक सोपा आडाखाही आहे: हवेतली सापेक्ष आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, त्याला ५ नं भागा, आणि तेवढे अंश तापमानातून वजा करा. तो साधारण दवबिंदू. उदाहरणार्थ रात्री १८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर १५ वजा, म्हणजे ३ अंश कमी, दवबिंदू १५. (आर्द्रता पन्नासच्या खाली गेली की हा आडाखा विसरायचा.) पण मग १८ अंशांच्या हवेत दव पडतं कसं? कारण पान हवेपेक्षा गार होतं. निरभ्र रात्री ते आपली उष्णता थेट आकाशात फेकतं आणि हवेच्या दोन-तीन अंश खाली जातं. ढग आले की पांघरूण पडतं आणि दव नाही. हीट ट्रान्सफरमधला रेडिएशनचा धडा मला पेपर झाल्यावर उसाच्या बांधावर कळला!

हे सगळं मी मामीला उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्येला यंत्र कशाला? थंडीत भांगलायला गेलं की लुगडं गुडघ्यापातूर भिजतंय. बांधावरचं नऊला वाळतंय, उसातलं धा-साडेधा वाजलं तरी ओलंच." मी बघतच राहिले. माझ्या सेन्सरनं दोन आठवड्यांत जे सांगितलं असतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं, आणि जे मी मोजायचं ठरवलंच नव्हतं तेही. बांधावरच्या गवताला वरचं आकाश उघडं, म्हणून तिथं दव लवकर धरतं, पण ऊन-वाऱ्यानं लवकर वाळतं. उसाच्या आत गवताला आकाश दिसत नाही, त्यामुळे स्वतःचं दव कमी. पण उसाच्या पानांवरून थेंब ठिबकत राहतात, वारा नाही, ऊन उशिरा. म्हणजे एकाच रानात, चार पावलांच्या अंतरावर, तांबेऱ्याच्या दृष्टीनं दोन वेगळी हवामानं. आणि मी सेन्सर लावला होता फक्त बांधावर.

म्हणून माझं सध्याचं मत असं, आणि ते कच्चं आहे हे मान्य: कोरडवाहू जत-आटपाडीत तांबेऱ्यावर आशा ठेवू नये. पण कृष्णाकाठच्या बागायती उसात, जिथं गाजर गवत हिवाळ्यातही हिरवं असतं, तिथं नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळी तांबेऱ्याला जागा आहे. तो गवत मारणार नाही. तांबेरा क्वचितच मारतो. पण पानं लवकर वाळवेल, फुलं कमी करेल, बियांची संख्या घटवेल. त्यातही दर हंगामाला तो नव्यानं आणावा लागेल, आणि तांबेऱ्याची पंचाईत अशी की तो काचेच्या बशीत वाढत नाही, त्याला जिवंत झाडच लागतं. म्हणजे गाजर गवत मारण्यासाठी आधी कुणीतरी गाजर गवत वाढवायचं! कॉलेगोची बुरशी टाकीत वाढायची, म्हणून तर तिची पावडर करता आली.

तोवर काय, तर जबलपूरचं तण संशोधन निदेशालय दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताहात सांगतं तेच. फुलं यायच्या आत, पावसानं जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. मेक्सिकन भुंगेही आहेत. ते १९८४ मध्ये बंगळूरला पहिल्यांदा सोडले, पावसाळ्यात पानं फस्त करतात आणि कोरडं पडलं की जमिनीत जाऊन झोपतात. ओलीचं त्यांनाही सुटलेलं नाही. मामीला मी सांगलीहून कोपरापर्यंतचे रबरी मोजे नेऊन दिले. पहिल्या दिवशी तिनं घातले, दुसऱ्या दिवशी घामानं हात सडतात म्हणून खुंटीला टांगले. आता आतून कापडाचं अस्तर असलेले शोधतेय, कुणाला दुकान माहीत असेल तर सांगा.

या दिवाळीनंतर दोन सेन्सर लावणार आहे, एक बांधावर आणि एक उसाच्या आत दहाव्या सरीत, दोन्ही गाजर गवताच्या उंचीवर. मामांची परवानगी मिळाली आहे. मामीची एकच अट आहे, वायर भांगलणीच्या वाटेत यायला नको.